‘परी’ म्हणविणाऱ्यांचा पंथ

मुंबईहून लाँचमध्यें बसून घारापुरीस गेलेल्या प्रत्येकानें तेथील मुख्य लेण्यांतील भव्य महेशमूर्ति पाहिलेली असते. परंतु त्या मूर्तीच्या बाजूलाच भिंतींत जो अर्धनारीश्वर कोरलेला आहे, त्याच्यापाशीं क्षणभर थांबणारे थोडेच. अर्धें अंग पुरुषाचें, अर्धें स्त्रीचें, आणि तरीहि उभा देह मात्र एकच, असें तें शिल्प आहे. आपण देव म्हणून त्याला हात जोडतों व पुढें जातों. पण असाच मिश्र स्वभाव घेऊन एखादें माणूस आपल्या घरांत जन्माला आलें तर? त्याला आपण हात जोडीत नाहीं; ‘बायक्या’ म्हणून हिणवितों, किंवा घाईघाईनें त्याचें लग्न लावून मोकळे होतों. दगडांत जें पूज्य, तेंच घरांत निंद्य कां, हा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोड्यांना पडतो.

ज्यांना तो पडला आणि ज्यांनीं त्याचें उत्तर शोधण्यांत आयुष्य वेंचलें, अशा एका पंथाची माहिती आज सांगावयाची आहे. पंथ अमेरिकेंतला असून त्याचें नांव ‘रॅडिकल फेअरीज’ असें आहे. फेअरी म्हणजे परी. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या नाजुक चालीच्या पुरुषाला टोमणा मारण्यासाठीं अमेरिकेंतील लोक हा शब्द वापरीत. ‘रॅडिकल’ या शब्दाचा मूळ अर्थ मुळाशीं जाणारा. ज्या शब्दानें जगानें हिणविलें तोच शब्द या लोकांनीं बिरुदासारखा मिरविला, आणि ‘आम्ही परीच आहों, पण मुळापर्यंत जाणाऱ्या’ असें जगाला सांगितलें.

या पंथाचें मूळ शोधूं लागलें कीं आपण पुन्हां घारापुरीसच येऊन पोंचतों. एडवर्ड कार्पेंटर हा इंग्रज लेखक १८४४ सालीं जन्मला, केंब्रिजला शिकला आणि कांहीं काळ तेथेंच ख्रिस्ती उपदेशक होता. १८७४ सालीं त्यानें ती वृत्ति सोडली, कामकरी लोकांना व्याख्यानें देत तो हिंडला, आणि पुढें शेफील्डजवळच्या मिल्थॉर्प या खेड्यांत मळा करून राहिला. तेथें तो भाजी पिकवी, आणि एका मित्रानें काश्मिरांतून पाठविलेल्या चपलांचा नमुना पाहून तशाच चपला स्वतःच्या हातानें करी. १८९० सालीं तो सिंहलद्वीपांत आला, तेथें रामस्वामी नांवाच्या तामिळ ज्ञानी पुरुषाच्या पायांशीं बसून त्यानें वेदान्त ऐकला, आणि मग हिंदुस्थानांत फिरून तो मुंबईस आला. १८९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाच्या नांवांतच ‘एलिफंटा’, म्हणजे आपली घारापुरी आहे. गांधीजींनीं १९०९ सालीं लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्या’त, आधुनिक सुधारणेला रोग म्हणणाऱ्या ज्या थोर इंग्रज लेखकाचा उल्लेख केला आहे, तोहि हाच.

हा कार्पेंटर जॉर्ज मेरिल नांवाच्या एका कामकरी पुरुषाबरोबर १८९८ पासून मेरिलच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२८ पर्यंत, एका घरांत राहिला. ज्या इंग्लंडांत १८८५ च्या कायद्यानें असलें प्रेम गुन्हा ठरविलें होतें, आणि ज्या कायद्याखालीं ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककाराला १८९५ सालीं दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती, त्याच इंग्लंडांत हें घर उघड्या दारानें चाललें होतें. १९०८ सालीं कार्पेंटरनें अशा प्रेमाविषयीं एक पुस्तक लिहिलें आणि त्याला ‘द इंटरमीजिएट सेक्स’, म्हणजे ‘मधली जाति’, असें नांव दिलें. स्त्री व पुरुष यांच्या मधोमध उभीं असलेलीं हीं माणसें दोघांनाहि समजूं शकतात, म्हणून समाजांत त्यांना कांहीं विशेष कार्य आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. पुढें १९१४ सालीं लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकांत, प्राचीन लोकांनीं अशा माणसांना पुरोहित, वैद्य व द्रष्टे यांचें स्थान कसें दिलें होतें हें सांगतांना, देवांच्या द्विविध रूपाचा दाखला म्हणून त्यानें घारापुरीच्या त्या शिल्पाचेंच वर्णन केलें आहे.

आतां कार्पेंटरच्या मिल्थॉर्पहून आपण कॅलिफोर्नियांत जाऊं. हॅरी हे नांवाचा मुलगा १९१२ सालीं इंग्लंडांत जन्मला व लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंत आला. तो अकरा वर्षांचा असतां वाचनालयांत कार्पेंटरचें १९०८ चें तें पुस्तक त्याच्या हातीं पडलें, असें तो मोठेपणीं सांगत असे. जगांत आपल्यासारखीं आणखी माणसें आहेत, ही वार्ता त्या मुलाला घरानें सांगितली नाहीं, शाळेनें सांगितली नाहीं. ती एका पुस्तकानें सांगितली.

मोठेपणीं हॅरी कम्युनिस्ट पक्षांत शिरला. स्वभाव बदलेल या आशेनें त्यानें १९३८ सालीं लग्न केलें आणि दोन मुली दत्तक घेतल्या. स्वभाव बदलला नाहीं, आणि १९५१ सालीं तें लग्न मोडलें. तत्पूर्वीं, १९५० च्या नोव्हेंबरांत, त्यानें लॉस एंजेलिस येथें कांहीं मित्रांसह ‘मॅटाशीन सोसायटी’ स्थापन केली. समलिंगी पुरुषांच्या हक्कांसाठीं अमेरिकेंत झालेल्या पहिल्या टिकाऊ संघटनांपैकीं ती एक होय. मध्ययुगीन फ्रान्सांत मुखवटे घालून नाचणारीं मंडळें असत. मुखवट्याआडून तीं बड्या लोकांनाहि खरें सुनावीत, अशी हॅरीची समजूत होती, आणि त्यांच्यावरूनच हें नांव घेतलेलें होतें. परंतु तो काळ अमेरिकेंत कम्युनिस्टांच्या शिकारीचा होता. १९५३ सालीं हॅरी व त्याचे सहकारी यांना आपल्याच संस्थेंतून बाहेर पडावें लागलें. मागें राहिलेल्यांचें धोरण असें कीं, ‘आम्ही सर्व बाबतींत तुमच्यासारखेच आहों, म्हणून आम्हांला सामावून घ्या.’

हें धोरण त्याज्य होतें असें म्हणतां येणार नाहीं. न्यायालयापुढें उभें राहावयाचें तर सारखेपणाच सिद्ध करावा लागतो. १९६९ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या पानगृहावर पोलिसांनीं घातलेल्या धाडीला लोकांनीं प्रतिकार केला. त्यानंतर ही चळवळ देशभर फोफावली आणि पुढें अनेक हक्क तिनें मिळविले. पण हॅरीच्या मनाला एक गोष्ट टोंचत होती. तो विचारी: आम्ही कोण आहों? आम्ही कोठून आलों? आणि आम्ही कशासाठीं आहों? पहिला प्रश्न आपल्याकडे वेदान्त्यांना ‘कोऽहम्’ या रूपानें परिचित आहे. तिसरा प्रश्न मात्र हॅरीच्या विचाराचें मर्म होय. ‘आम्ही तुमच्यासारखेच’ असें म्हणणारा माणूस आपला वेगळेपणा क्षमा करून घेतो. त्या वेगळेपणाचा जगाला उपयोग काय, हें तो स्वतःलाहि कधीं विचारीत नाहीं.

१९६३ पासून हॅरीला जॉन बर्नसाइड हा सोबती लाभला होता. हा गृहस्थ मोठा कल्पक होता. आपल्या मुलांच्या हातीं जें शोभादर्शक असतें, त्यांतील रंगीत कांचांचे तुकडे काढून टाकून, समोर जें साधें दृश्य असेल त्याचीच नक्षी करून दाखविणारें यंत्र त्यानें शोधून काढलें होतें. १९७० सालीं हे दोघे न्यू मेक्सिकोंत जाऊन राहिले. तेथून त्यांनीं डॉन किलहेफ्नर व मिच वॉकर या दोन तरुण सहकाऱ्यांच्या साहाय्यानें एक हांक दिली, आणि १९७९ च्या ऑगस्टअखेर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांत बेन्सन गांवाजवळ पहिलें संमेलन भरलें. सुमारें २२० पुरुष जमले. संमेलनाची जागा कोणती? तर एका अमेरिकन साधकाचा ‘श्रीराम आश्रम’! हिंदुस्थानाशीं असलेला जुना संबंध असा नकळत पुन्हां जुळला.

त्या संमेलनांत हॅरीनें सांगितलें कीं, आजवर आपण दुसऱ्यांचें अनुकरण करून बेडकाची जी कातडी पांघरली ती येथें उतरवून ठेवूं, म्हणजे आंतील राजपुत्र दिसूं लागेल. गोष्टींतला तो बेडूक आपल्या मुलांनाहि ठाऊक असतो. मग कित्येकांनीं वाळवंटांतील मातींत पाणी कालवून एकमेकांना चिखल फांसला व ते गाऊं नाचूं लागले. बाहेरच्याला हा वेडाचार वाटेल. परंतु गोव्यांत माशेल येथें आषाढांत होणारा चिखलकाला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना, भर पावसांत मोठमोठीं माणसें देवाच्या अंगणांत चिखल खेळतात तेव्हां त्यांच्या अंगावरून प्रतिष्ठेचा केवढा भार उतरतो, हें सांगावयास नको.

ही हांक शून्यांतून उठली नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. खेड्यांत राहूं इच्छिणाऱ्या समलिंगी पुरुषांसाठीं ‘आर एफ डी’ नांवाचें नियतकालिक १९७४ सालीं आयोवा संस्थानांत निघालें होतें. सॅन फ्रान्सिस्को येथें आर्थर इव्हान्स यानें १९७५ सालीं ‘परीमंडळ’ जमविलें होतें, आणि युरोपांत चेटूक म्हणून जाळलेल्या जुन्या निसर्गधर्माचा व समलिंगी प्रेमाचा संबंध दाखविणारें पुस्तक १९७८ सालीं प्रसिद्ध केलें होतें. हॅरीनें या विखुरलेल्या ठिणग्या एकत्र केल्या.

आतां या पंथाचा आचार पाहूं. याला धर्मग्रंथ नाहीं, पुरोहित नाहीं, दीक्षा नाहीं, सभासदांची यादीहि नाहीं. जो स्वतःला परी म्हणवील तो परी. पुष्कळ जण नवें नांव घेतात, तें बहुधा फुलाचें, पक्ष्याचें किंवा निव्वळ थट्टेचें असतें. निर्णय बहुमतानें न होतां एकमतानें होतात, म्हणून ते फार सावकाश होतात! ऋतु बदलण्याचे दिवस हे त्यांचे सण. मे महिन्याच्या आरंभीं एक उंच खांब रोवून, त्याला बांधलेल्या रंगीत फितींचे पदर हातीं धरून सर्व जण भोंवतीं नाचतात. ही युरोपांतील फार जुनी लोकरीत आहे. दाढीवाला पुरुष झगा घालून, फुलें माळून स्वयंपाकाचीं भांडीं घांसतांना दिसला, तरी तेथें कोणी हंसत नाहीं. किंवा सगळेच हंसतात, आणि त्यांत तोहि असतो.

परंतु या सर्वांचा प्राण एका साध्या विधींत आहे. त्याला ते ‘हार्ट सर्कल’, म्हणजे हृदयाचें वर्तुळ, म्हणतात. सर्व जण जमिनीवर वर्तुळ करून बसतात. एखादी काठी, खडा किंवा वस्त्र एकाच्या हातीं दिलें जातें. तें ज्याच्या हातीं असेल त्यानें बोलावें, आणि इतरांनीं ऐकावें. मध्यें बोलावयाचें नाहीं, खोडून काढावयाचें नाहीं, सल्ला द्यावयाचा नाहीं. बोलणारा रडला तर रडूं द्यावयाचें. गप्प बसला तर तें मौनहि ऐकावयाचें. त्याचें संपलें कीं ती वस्तु पुढच्याच्या हातीं जाते. कधीं कधीं हें वर्तुळ तासन् तास चालतें. ज्या माणसाला आपल्या मनांतील मुख्य गोष्ट आयुष्यांत कोणापाशींहि सांगतां आलेली नसते, त्याला प्रथमच येथें ती अखंडपणें सांगावयास मिळते. हा अनुभव अगदीं नवा म्हणतां येणार नाहीं. वारीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पायां पडतात, तेव्हां समोरच्यांतहि विठ्ठल आहे ही जी भावना असते, तिच्या जवळचाच हा भाव आहे.

या विधीमागें हॅरीचें एक तत्त्वज्ञान होतें. तो म्हणे कीं, माणसें एकमेकांकडे बहुधा वस्तु म्हणून पाहतात: ही मला मिळेल काय, हा माझ्या उपयोगी पडेल काय? परंतु दोन सारखीं माणसें प्रेम करतात, तेव्हां समोरचा हा वस्तु नसून माझ्यासारखाच जाणणारा आहे अशी दृष्टि येऊं शकते. गीतेच्या अभ्यासकांना येथें ‘आत्मौपम्य’ हा शब्द आठवेल. या दृष्टीची देणगी समलिंगी माणसांना निसर्गतः मिळाली आहे आणि ती जगाला देणें हेंच त्यांचें कार्य, असें हॅरीचें तिसऱ्या प्रश्नाला उत्तर होतें. हें उत्तर जसेंच्या तसें मान्य करणें मला कठीण वाटतें. आत्मौपम्य ही कोणत्याहि एका वर्गाची मिरास नाहीं. सुखी पतिपत्नींतहि ती असते, आणि स्वार्थी मित्रांत ती नसते. पण ज्यांना जन्मभर ‘तुम्ही निसर्गाची चूक आहां’ असें ऐकावें लागलें, त्यांना ‘तुमच्याजवळ जगाला देण्यासारखें कांहीं आहे’ असें कोणी प्रथमच सांगितलें, तर त्या शब्दांनीं केवढें बळ येत असेल!

हळूहळू या लोकांनीं जमिनी मिळविल्या. टेनेसी संस्थानांत डोंगरावर ‘शॉर्ट माउंटन’ नांवाचा आश्रम उभा राहिला. ऑरेगॉनमधील वुल्फ क्रीक येथील जमीन १९८७ सालीं विकत घेण्यांत आली. पुढें फ्रान्समधील व्होज पर्वतांतहि असें स्थान झालें. या जागांचें महत्त्व एका मोठ्या संकटानें सिद्ध केलें. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकांत लॉस एंजेलिसमधील ५ तरुण पुरुषांच्या चमत्कारिक न्युमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्स या रोगाची ती पहिली चाहूल. १९९६ च्या सुमारास परिणामकारक संयुक्त औषधें येईपर्यंत हजारों तरुण मृत्युमुखीं पडले. कित्येकांच्या घरच्यांनीं दार लावून घेतलें. अशा वेळीं हींच वर्तुळें रुग्णांचा आधार झालीं, आणि गेलेल्यांसाठीं शोक करण्याची जागाहि तीच झाली. ज्या नाचगाण्याला लोक चैन म्हणत होते, त्याच्यांत मरणाऱ्याचा हात हातीं धरून बसण्याचें सामर्थ्य होतें, हें तेव्हां दिसून आलें.

चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ‘आमच्यांत कोणी पुढारी नाहीं’ म्हणणाऱ्या या मंडळींत दोनच वर्षांत पुढारीपणावरून फूट पडली, आणि १९८१ सालीं वॉकर व किलहेफ्नर निराळे झाले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे विधि व चिन्हें हे लोक त्यांचा इतिहास न जाणतां उचलतात, असा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला गेला, आणि तो निराधार नव्हे. पंथांत गोऱ्या पुरुषांचाच भरणा होता. स्त्रियांना व इतरांना प्रवेश असावा कीं नाहीं, यावर दीर्घ काळ वाद झाला. आज अनेक ठिकाणीं सर्वांना दार उघडें आहे. खुद्द हॅरीनें उतारवयांत, प्रौढ पुरुष व अल्पवयी मुलें यांच्या संबंधांचें समर्थन करणाऱ्या एका संस्थेची बाजू घेतली. ही त्याची चूक गंभीर होती, आणि त्याच्या चाहत्यांपैकीं अनेकांनीं ती कधींहि मान्य केली नाहीं. मुलाचें रक्षण हें कोणत्याहि मुक्तीच्या तत्त्वापेक्षां वरचें आहे. ज्याच्यापासून शिकावयाचें त्याची पूजाच केली पाहिजे असें नाहीं.

आपल्याकडे कायद्याची गोष्ट आतां पुष्कळ पुढें गेली आहे. इंग्रजांनीं १८६० च्या दंडविधानांत घातलेल्या ३७७ व्या कलमाखालीं सज्ञान माणसांच्या राजीखुषीच्या संबंधांना गुन्हा मानणें घटनाविरुद्ध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला. न्यायालय शिक्षा काढून घेऊं शकतें. परंतु जेवणाच्या पाटावर मान खालीं घालून बसलेल्या मुलाला बोलतें करणें न्यायालयाच्या हातीं नाहीं. तें काम घराचें आहे.

म्हणून शेवटीं हॅरीच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सांगतों. १९९९ सालीं हॅरी व जॉन हे दोघेहि वृद्ध, अशक्त होऊन सॅन फ्रान्सिस्कोस आले. त्यांच्या भोंवतीं परीपंथांतील मित्रांनीं एक मंडळ केलें, आणि त्यांच्या शुश्रूषेचा भार वांटून घेतला. २४ ऑक्टोबर २००२ रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, हॅरी वारला. जॉन २००८ सालीं गेला, आणि तोंवर त्यालाहि या मित्रांनीं अंतर दिलें नाहीं. पुत्रपौत्र नसलेल्या माणसाचें म्हातारपणीं कोण करणार, हा आपल्याकडच्या आईबापांचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळां त्या प्रश्नामागें राग नसून भीति असते. या लोकांनीं त्या प्रश्नाला व्याख्यानानें उत्तर दिलें नाहीं. पाळी लावून उशापाशीं बसून दिलें.

तेव्हां पुन्हां कधीं घारापुरीस जाल तर अर्धनारीश्वरापुढें थोडा वेळ अधिक उभे राहा. आणि घरीं परतल्यावर, आपल्यापाशीं कांहीं सांगूं पाहणारें, पण सांगतां सांगतां अडखळणारें कोणी असेल, तर एकदां तरी त्याला मध्यें न अडवितां, सल्ला न देतां, शेवटपर्यंत बोलूं द्या. त्यासाठीं वाळवंट नको, आश्रम नको, पंथाचें नांवहि नको. दोन माणसें आणि थोडें मौन एवढें पुरेसें आहे.